परदेशात राहून भारतातलं मूल दत्तक घेताना : इंदूरच्या आप्तेष्टांकडून सारखे येणारे प्रश्न

आम्ही दोघं इंदूरचे. नवरा रामबागेतला, मी सुदामानगरची. गेली पंधरा वर्षं न्यू जर्सीत राहतो. डिसेंबर २०२१ मध्ये एजन्सीकडे नाव नोंदवलं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ओडिशातल्या एका संस्थेतून साडेतीन वर्षांची मुलगी घरी आणली. तेव्हापासून फोन थांबलेला नाही. कुणाची वहिनी टोरांटोत असते, कुणाचा भाचा दुबईत. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदाच लिहून काढते. मी वकील नाही. इथलं नियमांचं सगळं २०२२ च्या दत्तक नियमावलीवर आणि आमच्या फाइलवर आधारलेलं आहे. अर्ज करण्यापूर्वी 'कारा'च्या, म्हणजे दत्तकाच्या केंद्रीय प्राधिकरणाच्या, पोर्टलवर ताजे नियम एकदा वाचा.

१. आम्ही तर भारतीयच, मग आमचं दत्तक 'आंतरदेशीय' कसं?

कायदा तुमची जात-भाषा बघत नाही, घर कुठे आहे ते बघतो. मूल भारतातून उठून दुसऱ्या देशात राहायला जाणार असेल तर ते आंतरदेशीय दत्तक, मग तुमच्या घरी रोज पोहे का होईनात. भारतात यासाठी २०१५ चा बाल न्याय कायदा आहे आणि त्याखाली केंद्रीय दत्तक ग्रहण संसाधन प्राधिकरण, म्हणजे आपलं 'कारा'. देशादेशांमधला व्यवहार १९९३ च्या हेग कराराने चालतो. भारत त्यात २००३ मध्ये आला.

अनिवासी भारतीय, म्हणजे भारतीय पासपोर्ट असून बाहेर राहणारे, आणि परदेशी नागरिक यांच्यात फरक आहे. मूल दत्तक देण्यासाठी कायदेशीररीत्या मोकळं जाहीर झाल्यावर ६० दिवसांत भारतीय किंवा अनिवासी भारतीय कुटुंब मिळालं नाही, तरच ते परदेशी कुटुंबांसाठी खुलं होतं. भावंडं, पाच वर्षांवरची मुलं आणि अपंगत्व असलेली मुलं यांना परदेशी दत्तकात प्राधान्य देता येतं. नवरा अमेरिकन नागरिक आणि मी भारतीय, हे ऐकून आमच्या काकांना वाटलं की आम्हाला दोन्हीकडून सवलत मिळेल. मिळाले ते दोन्हीकडचे फॉर्म.

२. सुट्टीत इंदूरला येतोय. तिथेच अर्ज करून टाकू का?

नको. बाहेर राहणाऱ्याने आपल्या राहत्या देशातल्या अधिकृत दत्तक एजन्सीकडे किंवा तिथल्या केंद्रीय प्राधिकरणाकडे जायचं असतं. ही एजन्सी काराने मान्य केलेली हवी. होम स्टडी, म्हणजे पालकांची आणि घराची पाहणी, तीच करते आणि फाइल 'केअरिंग्ज' या पोर्टलवर तीच चढवते. मोती तबेल्याच्या कलेक्टोरेटमध्ये चकरा मारून काही हाती लागणार नाही. नातलगाचं मूल घ्यायचं असेल तर मात्र जिल्ह्याचा संबंध येतो (प्रश्न १३).

आमच्या एका स्नेह्याने आईच्या इंदूरच्या पत्त्यावर 'भारतात राहणारे' म्हणून नोंदणी करायचं ठरवलं होतं. असलं धाडस करू नका. मुलाच्या व्हिसाच्या वेळी पत्त्याचं सगळं बाहेर येतं, आणि तोवर मूल तुम्हाला आई-बाबा म्हणू लागलेलं असतं.

३. वयाची अट काय? आमच्या दोघांचं मिळून ९२ होतं.

जोडप्याच्या वयांची बेरीज धरतात. दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी ती ८५ पर्यंत चालते, दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ९०, चार ते आठसाठी १०० आणि आठ ते अठरासाठी ११०. एकट्या पालकाला याच क्रमाने ४०, ४५, ५० आणि ५५ ची मर्यादा आहे. वय नोंदणीच्या दिवशीचं धरलं जातं. म्हणजे तुम्हाला चार वर्षांखालचं मूल मिळणार नाही, पण चार ते आठचा गट मोकळा आहे.

शिवाय मूल आणि पालक यांच्यात किमान २५ वर्षांचं अंतर हवं आणि लग्नाला स्थिर अशी दोन वर्षं झालेली हवीत. एकटी बाई मुलगा किंवा मुलगी, कोणालाही घेऊ शकते. एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही. घरी आधीच दोन किंवा जास्त मुलं असतील तर विशेष गरजेची किंवा घर मिळायला अवघड जाणारी मुलंच मिळतात. नातलगाचं मूल आणि सावत्र मूल हे त्याला अपवाद. एवढं झाल्यावर तुम्ही राहता त्या देशाच्या अटी वेगळ्या.

४. कागदपत्रांत सगळ्यात जास्त वेळ कशात गेला?

लग्नाच्या दाखल्यात! हसू नका. आमचं लग्न २००९ मध्ये इंदूरच्या मंगल कार्यालयात झालं. चारशे माणसं जेवली, पण नोंदणी कुणी केली नव्हती. बारा वर्षांनी महापालिकेत अर्ज केला तेव्हा लग्नपत्रिका, फोटो, साक्षीदार, सगळं मागितलं गेलं. पत्रिकेवर माझं माहेरचं नाव 'सौ. कां.' सकट, पासपोर्टवर सासरचं, आणि पदवीच्या प्रमाणपत्रावर तिसरंच स्पेलिंग. तिन्ही बायका एकच आहेत हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र लागलं. लग्न लावणाऱ्या गुरुजींना शोधायला सासऱ्यांनी अर्धं लोकमान्यनगर पालथं घातलं.

बाकीची यादी सरळ आहे : जन्मदाखले, उत्पन्नाचे पुरावे, वैद्यकीय तपासणी, ओळखीच्यांची शिफारसपत्रं, घराचे आणि आमचे फोटो. अमेरिकेच्या होम स्टडीसाठी वयाच्या अठराव्या वर्षानंतर जिथे जिथे राहिलात तिथली चौकशी होते, त्यामुळे इंदूरचं पोलीस प्रमाणपत्रही लागलं. परदेशातल्या कागदांवर अपोस्टिल, म्हणजे कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून सरकारी शिक्का, करावं लागतं. माझा एकच सल्ला : नाव नोंदवायच्या आधी सगळ्या कागदांवरचं नाव एक करून घ्या. पुढे कुठेही अडलं नाही एवढे आम्ही इथे अडलो.

५. होम स्टडी म्हणजे घराची तपासणी का? घर छोटं असलं तर?

आमची दोन खोल्यांची सदनिका होती आणि चालली. समाजसेविका तीनदा आली. धुराचा अलार्म आणि औषधांच्या कपाटाचं कुलूप तिने पाच मिनिटांत पाहिलं. उरलेला वेळ ती आमच्याशी बोलत बसली. लहानपणी मार खाल्ला का, भांडण झाल्यावर आधी कोण बोलतं, स्वतःचं मूल न होण्याचं दुःख मागे पडलं का. या शेवटच्या प्रश्नावर नवरा उठून चहा करायला गेला. समाजसेविकेने तेही लिहून घेतलं आणि पुढच्या भेटीत त्याच्याशी एकट्याशी बोलली. बरं झालं, नाहीतर ते आम्ही आपसात कधी बोललोच नसतो.

याशिवाय किमान दहा तासांचं प्रशिक्षण अमेरिकेच्या नियमाने सक्तीचं आहे. आजी-आजोबांची संमती कायद्याला लागत नाही. पण 'घरच्यांचं काय म्हणणं?' हे विचारतात, तेव्हा सासूबाईंना आदल्या रात्री फोनवर बातमी देण्याची वेळ आणू नका.

६. फोटो बघून मूल निवडता येतं का? आपल्या जातीचं, गोरंसं?

हा प्रश्न कुजबुजत येतो, म्हणून उत्तर मोठ्याने देते : नाही. संस्थेत जाऊन मुलं बघत फिरायची आणि एक पसंत करायचं, ही पद्धत बंद आहे. जात, धर्म, रंग यांचा रकानाच नाही. वयोगट आणि आरोग्य याबाबत तुम्ही काय सांभाळू शकता हे होम स्टडीत लिहिलं जातं. तुमची पाळी आली की पोर्टलवर मुलाची माहिती येते. त्यात फोटो, मुलाचा अभ्यास-अहवाल आणि वैद्यकीय अहवाल असतो. ठरलेल्या तासांत ते मूल राखून ठेवायचं, मग विचार करून स्वीकारायचं किंवा नाकारायचं. ही व्यवस्था मुलासाठी कुटुंब शोधण्यासाठी उभारलेली आहे. हे एकदा पटलं की निम्म्या नियमांचा राग येत नाही.

७. 'विशेष गरज' म्हणजे मतिमंदच ना? तुम्ही घाबरला नाहीत?

मतिमंद हा शब्द आधी सोडा. या यादीत फार वेगवेगळी मुलं येतात. ऐकू कमी येणारं, हृदयाला छिद्र असलेलं, थॅलेसेमिया असलेलं. आमच्या मुलीला जन्मतः टाळूला फट होती. एक शस्त्रक्रिया भारतात झालेली, पुढचे उपचार आणि बोलण्याची थेरपी बाकी होती. परदेशी जाणाऱ्या मुलांत अशी मुलं पुष्कळ असतात, कारण आधी भारतातल्या घरांनी त्यांना नकार दिलेला असतो. हे वाक्य लिहिताना मला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

घाबरलो. अहवाल आला त्या रात्री इंटरनेटवर टाळूच्या फोटोंमागे फोटो पाहिले आणि दोघंही झोपलो नाही. दुसऱ्या दिवशी अहवाल बालरोगतज्ज्ञांना दाखवला. तुमच्या डॉक्टरांकडून अहवाल वाचून घेण्याचा हक्क तुम्हाला आहे, तो नक्की वापरा. त्यांनी टाळूवर दोनच वाक्यं सांगितली आणि मग वजन-उंचीच्या नोंदींवर बोट ठेवलं. संस्थेत आल्यापासून रेषा सरळ वर चढत होती. "कोणीतरी हिला नीट भरवतंय," ते म्हणाले. आमचा होकार त्या वाक्यावर गेला.

८. नोंदणीपासून मूल घरी येईपर्यंत काय काय होतं, आणि किती वेळ लागतो?

आमच्या बाबतीत पावणेतीन वर्षं. तुमच्या बाबतीत सांगता येणार नाही, आणि जो ठाम महिने सांगेल त्याच्यापासून लांब राहा. अमेरिकेपुरता क्रम असा. आधी होम स्टडी, मग तिथल्या सरकारकडे आय-८००ए हा अर्ज, म्हणजे 'हे पालक योग्य आहेत' अशी मान्यता. ती पंधरा महिने टिकते. वाट लांबली तर मुदत वाढवून घ्यावी लागते, आम्ही वाढवली. मग फाइल काराकडे जाते आणि रेफरलची, म्हणजे मुलाची माहिती येण्याची, वाट बघायची. मूल स्वीकारल्यावर त्या मुलासाठी आय-८०० अर्ज, व्हिसाचा अर्ज आणि दिल्लीच्या अमेरिकन दूतावासाचं हेग कराराच्या 'कलम ५' चं पत्र, म्हणजे हे मूल आमच्या देशात येऊ शकेल अशी हमी. ते आलं की काराची एनओसी, म्हणजे ना-हरकत.

दत्तकाचा आदेश त्यानंतर. पूर्वी तो न्यायालय द्यायचं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर, १ सप्टेंबर २०२२ पासून, हा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे आहे. आदेश मिळाला की हेग कराराच्या कलम २३ प्रमाणे कारा अनुरूपता प्रमाणपत्र, म्हणजे दत्तक कराराप्रमाणे झाल्याचा दाखला, देते. मग नव्या आई-वडिलांच्या नावाचा जन्मदाखला, पासपोर्ट आणि शेवटी व्हिसा.

हा क्रम उलटवू नका. कलम ५ चं पत्र येण्याआधी दत्तकाचा आदेश घेऊन बसलेलं मूल व्हिसाच्या दारात अडकू शकतं. आणि मूल न्यायला पालकांनी स्वतः यावं लागतं, आजोबांबरोबर पाठवून द्या म्हटलं तर चालत नाही. आमचे सासू-सासरे मात्र इंदूर-पुरी हमसफरने आम्हाला येऊन मिळाले. डब्यात दोन दिवसांचे पराठे आणि नातीसाठी लोणकढं तूप.

९. खर्च किती? 'देणगी' द्यावी लागते का?

भारतातल्या शुल्काचे आकडे नियमावलीच्या परिशिष्टात छापलेले आहेत आणि ते बदलतात, म्हणून इथे देत नाही. त्यापेक्षा एक रुपया जास्त मागितला तर पावती मागा. मोठा खर्च परदेशातला असतो : एजन्सी, सरकारी अर्ज, प्रवास आणि भारतातला मुक्काम. मुक्काम आम्ही दोन आठवड्यांचा धरला होता, तो सहा आठवडे झाला, कारण पासपोर्टवर मुलीच्या नावातलं एक अक्षर चुकलं.

आम्हालाही इंदूरमध्ये एक गृहस्थ भेटले होते. "भिया, दो लाख में काम जल्दी हो जाएगा." रांग पोर्टलवर आहे. त्यांच्या खिशात ती नव्हती.

१०. आमच्या ओळखीच्या नर्सिंग होममध्ये एका मुलीला बाळ ठेवायचं नाहीये. सरळ घेऊन येऊ?

नाही! मन कितीही चांगलं असो, बाल न्याय कायद्याच्या कलम ८० प्रमाणे पद्धत डावलून मूल देणं-घेणं हा गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही. पैसे दिले-घेतले असतील तर कलम ८१ लागतं आणि त्यात हॉस्पिटलवाल्यांना शिक्षा जास्त आहे. त्या मुलीला बाल कल्याण समितीपुढे बाळ सोपवता येतं. त्यानंतर तिला फेरविचाराला दोन महिने मिळतात. ते दोन महिने तिचे आहेत. टाकून दिलेलं मूल दोन वर्षांपर्यंतचं असेल तर दोन महिने आणि मोठं असेल तर चार महिने नातेवाइकांचा शोध घेऊन मगच ते मोकळं जाहीर होतं. हे बाळ ठरवून तुम्हालाच मिळेल, असं होत नाही.

११. परदेशी दत्तकाच्या नावाखाली मुलं विकतात असं वाचलं. तुम्हाला भीती नाही वाटली?

वाटायलाच हवी. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मीकांत पांडे खटल्यात आंतरदेशीय दत्तकाला चौकट घातली, ती अशाच तक्रारींमुळे. दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन आयोगाने मार्च २०२५ मध्ये मान्य केलं की तिथून परदेशी पाठवलेल्या मुलांच्या हक्कांचा भंग झाला होता. काहींना तर आई-वडील असून अनाथ म्हणून नोंदलं गेलं. चीनने २०२४ मध्ये, काही नातेसंबंध सोडून, मुलं परदेशी देणं बंद केलं. नेदरलँड्सनेही त्याच वर्षी टप्प्याटप्प्याने थांबायचं ठरवलं.

म्हणून प्रश्न ८ मधल्या प्रत्येक कागदाला मी शिव्या घातल्या तरी आज त्यांच्या प्रती जपून ठेवल्या आहेत. बाल कल्याण समितीने मूल मोकळं जाहीर केल्याचं प्रमाणपत्र स्वतः वाचा. एजन्सीला विचारायला लाजू नका.

१२. मुलगी घरी आल्यावर भाषेचं काय झालं? आणि हे सगळं तिला सांगणार आहात का?

ओडिया येत नव्हती म्हणून आम्ही मोबाइलवर शंभर शब्द घोकले. पहिल्या दुपारी ती म्हणाली, "पाणि." मग "भात", शेवटचा स्वर जरा ओढून. मग पानातल्या शेपूच्या भाजीकडे बघून स्पष्ट "नाहीं". तिन्ही शब्द आम्ही जन्मापासून बोलत होतो! घोकलेल्या शंभरांपैकी एकही लागला नाही. पहिले तीन आठवडे ती रात्री पलंगावर झोपायची नाही, जमिनीवर चटई हवी. आम्हीही खाली झोपलो. ताटातलं लपवून ठेवायची, उशीखाली पोळीचा तुकडा सापडायचा. आत्याबाईंनी "उपाशी ठेवलं असेल हो" म्हणून डोळे पुसले. तसं नव्हतं. उद्या ताट असेल की नाही याची तिला खात्री नव्हती. आम्ही तिच्या हाताला येईल असा बिस्किटांचा डबा ठेवला. तीन महिन्यांनी ती तो विसरली.

बारसं केलं, इंदूरच्या घरी. पण नाव संस्थेतलंच ठेवलं. पाळण्यात बसायला ती तयार नव्हती, तेव्हा बाहुलीला झोपवलं आणि कानात 'कुर्र' हिनेच केलं.

सांगण्याबद्दल : सांगितलं आहे. ती रोज सांगायला लावते. संस्थेच्या दाराचा फोटो, तिथल्या मावशीचा फोटो, रेल्वेचं तिकीट, सगळं एका वहीत चिकटवलं आहे. "मोठी झाल्यावर सांगा, आत्ता कोवळं मन," असं बाराजणांनी सुचवलं. पण मुंजीत-लग्नात कोण काय बोलून जाईल याचा भरवसा नाही, आणि शेजारच्या काकूंच्या तोंडून कळलेलं आईच्या तोंडून पुसता येत नाही. 'खरे आई-बाबा कुठेत?' असं तिच्यासमोर विचारू नका. 'जन्म देणारी आई' म्हणा.

१३. नणंदेचं मूल आम्ही परदेशी घेऊन जाऊ शकतो का? चुलत दिराचं?

नणंदेचं चालेल, कारण तुमचा नवरा त्याचा मामा. सख्ख्या दिराचंही चालेल. या कायद्यात नातलग म्हणजे काका-काकू, आत्या, मामा-मामी, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा, एवढेच. चुलत दिराचं मूल आपल्या घरात 'पुतण्याच' असतं, पण कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. इथे मराठी नात्यांचा आणि कायद्याचा सांधा निखळतो.

यातही एजन्सी, होम स्टडी आणि काराची एनओसी चुकत नाही. भारताकडून जिल्हा बाल संरक्षण कक्ष मुलाच्या कुटुंबाचा अहवाल करतो आणि जन्मदात्यांची लेखी संमती लागते. मूल पाच वर्षांचं किंवा मोठं असेल तर त्याचीही. परदेशी शिक्षण स्वस्त पडावं म्हणून हा मार्ग धरणाऱ्यांना एवढंच सांगते की आदेशानंतर मूल कायद्याने जन्मदात्यांचं राहत नाही.

१४. रीतसर दत्तविधान केलं, होम झाला, दत्तकपत्र नोंदवलं. व्हिसाला एवढं पुरेल ना?

बहुधा नाही. १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा वेगळा रस्ता आहे. त्यात मूल पंधराच्या आतलं हवं, मुलगा घ्यायचा तर घरात मुलगा किंवा मुलाचा मुलगा नको, मुलगी घ्यायची तर मुलगी किंवा मुलाची मुलगी नको. देणं आणि घेणं प्रत्यक्ष व्हावं लागतं. होम मात्र कायद्याला आवश्यक नाही, गुरुजींना वाईट वाटलं तरी. भारतात हे दत्तक वैध आहे. पण मूल हेग करारातल्या देशात न्यायचं तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पडताळणी आणि काराची एनओसी लागते, आणि समोरच्या देशाने ते मान्य करायचं की नाही हा त्यांचा कायदा. आधी तिथे विचारा, मग होम करा.

आपल्याकडे दत्तक म्हटलं की अजून गादी आठवते. कवळाण्याचा गोपाळ १८७५ मध्ये बडोद्याचा सयाजीराव झाला. ग्वाल्हेरचे जयाजीराव दत्तक, आपल्या इंदूरचे तुकोजीराव दुसरेही दत्तक. तिन्ही संस्थानांना वारस हवा होता. आमच्या आजेसासूबाईंनीही पहिला प्रश्न तोच विचारला, "मुलगी घेतलीत, मग पिंड कोण देणार?" नवरा म्हणाला, "आजी, तिला पोहता येतं, नर्मदेत तीच देईल."

१५. आम्ही दुबईत आहोत. तिथे अशी एजन्सीच नाही.

संयुक्त अरब अमिराती हेग दत्तक करारात नाही. जिथे मान्य एजन्सी किंवा केंद्रीय प्राधिकरण नाही, तिथल्या भारतीय नागरिकांनी भारतीय दूतावासाकडे जायचं. पुढचे पाठपुराव्याचे अहवालही त्यांच्यामार्फत. नोकरीचा व्हिसा असलेल्यांनी मुलाला तिथे निवासपरवाना मिळेल का, हे आधी लेखी विचारून घ्यावं.

१६. अमेरिकेत आहोत, पण दोघंही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर. तुमच्यासारखंच करायचं का?

नाही, इथे मोठा खड्डा आहे. प्रश्न ८ मधला आय-८०० चा रस्ता दोघांपैकी एक तरी अमेरिकन नागरिक असेल तरच खुला आहे. ग्रीन कार्डही पुरत नाही. इतरांसाठी तिथला इमिग्रेशन कायदा साधारणपणे मुलाचा दोन वर्षांचा कायदेशीर ताबा आणि दोन वर्षं एकत्र राहणं मागतो, म्हणजे एकाला नोकरी सोडून भारतात येऊन राहावं लागू शकतं. रेफरल स्वीकारण्याआधी इमिग्रेशनचा वकील गाठा. नात्यातल्या एका जोडप्याला ही अट मूल स्वीकारल्यावर कळली. त्यातली आई वर्षभर पुण्यात राहिली, बाबा दर तीन महिन्यांनी विमानात.

१७. आम्ही इंदूरमध्येच राहतो. परदेशातलं मूल दत्तक घेता येईल का?

भारतीय नागरिकांना येतं. त्या देशाचा कायदा आधी पाळायचा. होम स्टडी इथे होते आणि हेग कराराच्या कलम ५ व १७ च्या मान्यता कारा देते. मूल त्या देशाच्या पासपोर्टवर, भारतीय व्हिसा घेऊन येतं, इथे परदेशी नागरिक म्हणून नोंदवावं लागतं आणि मग नागरिकत्वाचा अर्ज. उलट, इंदूरमध्ये राहणाऱ्या परदेशी नागरिकाला भारतातलं मूल घ्यायचं असेल तर त्याने आपल्या देशाच्या इथल्या दूतावासाची ना-हरकत घेऊन काराकडे अर्ज करायचा.

१८. मुलगी आता कुठली नागरिक? इस्टेटीत हक्क मिळतो का?

दत्तक मुलांच्या आयएच-३ व्हिसावर उतरली त्या दिवशी ती अमेरिकन नागरिक झाली, २००० च्या बाल नागरिकत्व कायद्याने. प्रमाणपत्र पोस्टाने आलं. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, म्हणून तिच्यासाठी ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्यांचं कार्ड. वारसाहक्क पूर्ण, पोटच्या मुलासारखा. दत्तकाआधी तिच्या नावावर काही असेल तर तेही तिचंच राहतं.

१९. मोठी झाल्यावर तिला जन्मदात्री शोधता येईल का?

अठरानंतर ती स्वतः अर्ज करू शकते, आधी आमच्यासह. तिसऱ्या माणसाला, म्हणजे हौशी शोधकर्त्यांना, परवानगी नाही. आईने समितीपुढे मूल सोपवलं असेल तर तिची गुप्तता पाळली जाते आणि तिची तयारी नसेल तर माहिती मिळत नाही. आमची मुलगी टाकलेली सापडली होती, त्यामुळे कागदावर तारीख, ठिकाण आणि पोलीस ठाण्याचं नाव एवढंच आहे. ते पान आम्ही प्रश्न १२ मधल्या वहीत अजून चिकटवलेलं नाही. चिकटवू.

२०. नाहीच जमलं तर मूल परत करता येतं का?

वस्तूसारखं नाही. आधी समुपदेशन, मग आधार, आणि तरीही मोडलं तर एजन्सी आणि तिथलं प्राधिकरण काराशी बोलून दुसरं कुटुंब शोधतात. मुलाला भारतात पाठवणं हा अगदी शेवटचा उपाय. पहिल्या चार महिन्यांत आमच्या घरात हा शब्द एकदा उच्चारला गेला होता, रात्री दोन वाजता, माझ्या तोंडून. सकाळी समाजसेविकेला फोन केला. ती म्हणाली, फोन करणारे सहसा तरतात.

२१. पाठपुरावा किती दिवस? मधेच देश बदलला तर?

परदेशात पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी, म्हणजे एकूण सहा अहवाल. त्यात वजन, उंची, शाळा, फोटो. या दोन वर्षांत घर हलवणार असाल तर एजन्सीला आधी कळवा, म्हणजे नव्या ठिकाणी अहवाल कोण करणार ते ठरतं. नवऱ्याची सिंगापूरला बदली निघाली होती, तेव्हा आम्ही हे सगळं विचारून ठेवलं. बदली रद्द झाली. सहावा अहवाल पुढच्या महिन्यात आहे.